येशूसमोर ओवाळणारी लेक आणि काळजीत पडलेली आई

चार वर्षांची मुलगी. आईबाबा दोघेही नाशिकमधल्या सातपूरच्या एमआयडीसीत नोकरीला, त्यामुळे दिवसभर घराजवळचं पाळणाघर. घर शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती वळणाचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत.) सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या आईची तक्रार अशी, की पाळणाघराच्या मावशी तिन्हीसांजेला दिवा लावून मुलांकडून आरती म्हणवून घेतात, आणि लेकीने परवा घरी स्टीलची ताटली घेऊन क्रूसाला ओवाळलं. वर टाळ्या. आजींनी ताटली काढून घेतली, पोरीने भोकाड पसरलं, रात्री मोठ्यांची वादावादी झाली.

"जागेपणीचा सगळा वेळ ती तिथे असते, आमच्या वाट्याला पेंगुळलेलं पोर येतं," आई म्हणाली. "मग येशू हिच्या मनात रुजायचा कधी?" आणि उठता उठता म्हणाली, "हल्ली अंधारात झोपत नाही. प्रार्थनेला बसवलं की तोंड फिरवते."

पहिला प्रश्न माझ्याकडे ख्रिस्ती घरांतून नेहमी येतो. जैन आणि मुसलमान घरांतूनही येतो, फक्त देवाचं नाव बदलतं. मला मात्र उठता उठता सांगितलेलं जास्त खटकलं. आवडीने ओवाळणाऱ्या मुलीची मला काळजी वाटत नव्हती. प्रार्थनेला तोंड का फिरवते, ते बघायला हवं होतं.

पुढच्या वेळी मुलीला खेळायला लाकडी मेंढपाळ दिला, चार-पाच मेंढ्या, हिरव्या कापडाचा तुकडा आणि कुंपणासाठी आइस्क्रीमच्या काड्या. मेंढपाळ म्हणजे येशू, हरवलेल्या मेंढीला शोधून आणणारा; ही गोष्ट तिला पाठ होती. एक मेंढी तिने उशीखाली लपवली, मेंढपाळाला शोधायला धाडलं. मेंढी सापडली. मग मेंढपाळाने तिला जमिनीवर दाणकन आपटलं. "परत गेलीस ना, तर तिथेच सोडून येईन! मी सगळं बघतो!" आवाज थेट मोठ्या माणसाचा. एवढं झाल्यावर तिने मेंढपाळाला पालथं घातलं आणि मेंढ्यांना हळूच सांगितलं, "आता खा. तो बघत नाहीये."

आई कोपऱ्यात बसली होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. 'येशू बघतोय हं' हे त्यांच्या घरातलं सगळ्यात कामाचं वाक्य होतं. भात संपवायचा असो, खोटं पकडायचं असो की चपला जागेवर ठेवायच्या असोत. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आपल्या लहानपणी बागुलबुवा होता, इथे त्याच्या जागी येशूला उभं केलं होतं. चार वर्षांचं मूल अशी वाक्यं शब्दशः घेतं. बघतोय म्हणजे भिंतीवरच्या तसबिरीतून खरोखर बघतोय, दिवा मालवल्यावरसुद्धा.

रोममध्ये १९५४ पासून सोफिया कावालेत्ती या बायबलच्या अभ्यासक आणि जान्ना गोब्बी या माँटेसरी शिक्षिका यांनी लहान मुलांच्या धर्मशिक्षणावर मिळून काम केलं. तीन ते सहा वर्षांची मुलं ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळताना त्यांना दिसली, तो मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारणारा आहे. पाप-पुण्याची, नीतिनियमांची शिकवण त्यांनी सहा वर्षांनंतरच्या वयासाठी राखून ठेवली. मला हा क्रम पटतो.

म्हणून घरी पहिलं काम, ते वाक्य बंद. भात संपवायला सांगायचं असेल तर आईने स्वतःच्या जबाबदारीवर सांगावं. दुसरं, झोपण्याआधी आईने किंवा बाबांनी डोक्यावर हात ठेवून, मुलीचं नाव घेऊन आशीर्वाद द्यायचा आणि बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हणायची: 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.' रोज तेच शब्द, त्याच क्रमाने. तिने म्हटलंच पाहिजे अशी सक्ती नाही. "एवढंच?" आईने विचारलं. एवढंच, पण रविवारी पाहुणे आले म्हणून चुकवायचं नाही.

आजींची बाजू मला सोपी गेली नाही. त्या स्वतः चर्चच्या भजनाला टाळ वाजवतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं अभंग-ओवीच्या घाटात आणली, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. मी म्हटलं, "आजी, तुमचा टाळ चालतो, मग तिच्या टाळ्या का चालू नयेत?" आजी म्हणाल्या, "टाळ्या वाजवू दे की. ओवाळणं मला नाही पटत." तो त्यांचा श्रद्धेचा प्रश्न, त्यात मी पडले नाही. टाळ्या राहिल्या, ताटली स्वयंपाकघरात गेली. नातीला कारण मात्र रागावून न सांगता साध्या शब्दांत सांगायचं ठरलं: "आपल्या घरी आपण गाणं म्हणून प्रार्थना करतो. मावशींकडे दिवा ओवाळतात."

राहिलं पाळणाघर. वडिलांना कायदा हवा होता. संविधानाच्या २८व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. पण शेजारच्या मावशींना कलम कसलं दाखवता? जाऊन बोला, म्हटलं. बोलल्यावर कळलं, मावशी दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जातात, थोरल्या मुलासाठी तिथे नवसही बोलल्या होत्या. मुलगी ख्रिस्ती घरातली आहे हे त्यांना माहीत होतं, फक्त आईबाबांना काय हवंय ते कुणी सांगितलंच नव्हतं. आता आरतीच्या वेळी तिने बसावं की चित्र रंगवावं हे तिच्यावर सोडलंय. बहुतेकदा बसते, असं मावशी सांगतात. आईला ते अजून थोडं टोचतं.

खेळातला मेंढपाळ हल्ली मेंढीला कडेवर घेतो, मध्येच एखादा धपाटाही घालतो. प्रार्थनेला तोंड फिरवणं थांबलंय. दिवा मालवून झोपायला मात्र ती अजून तयार नाही. या वयात अंधाराची भीती बऱ्याच मुलांना असते, त्याचा संबंध आता येशूशी लावू नका, एक छोटा नाइट लॅम्प घ्या, असं सांगून मी आईला पुढची तारीख दिली नाही.