साधे खाते आणि प्रिंटरचा पासवर्ड

प्रश्न : गिरगावात आमचे करसल्लागाराचे कार्यालय असून तेथे सहा संगणक आहेत. सर्व कर्मचाऱ्यांना मी विंडोजमध्ये साधे खाते दिले आहे. गेल्या महिन्यात नवा प्रिंटर घेतला, तेव्हा प्रत्येक संगणकाने ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला आणि मला टेबलाटेबलाशी जाऊन तो घालावा लागला. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणतात की, साध्या खात्यावरूनही पूर्ण ताबा मिळवता येतो, तेव्हा ही कटकट कशाला, सर्वांनाच ॲडमिनिस्ट्रेटर करून टाका. त्यांचे ऐकावे काय?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : ऐकू नये. त्यांच्या बोलण्याचा पूर्वार्ध खरा आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि आपल्या ग्राहकांचे पॅन व बँक तपशील त्या संगणकांत असल्यामुळे तो महागात पडू शकतो.

ज्याला मर्यादित अधिकार दिले आहेत, त्याने प्रणालीतील एखाद्या चुकीचा फायदा घेऊन सर्वाधिकार मिळवणे, याला प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणतात. आपण ज्या पासवर्डला वैतागलात, त्याच्यामागे अशाच चुकांचा इतिहास आहे. विंडोजमध्ये छपाईची कामे रांगेत लावणारी प्रिंट स्पूलर नावाची सेवा असते आणि ती सिस्टिम या, ॲडमिनिस्ट्रेटरपेक्षाही वरच्या, खात्याच्या अधिकाराने चालते. प्रिंटरचा ड्रायव्हर बसवून द्या, अशी विनंती साधा वापरकर्ताही तिच्याकडे करू शकत असे. ड्रायव्हर म्हणजे शेवटी एक प्रोग्रामच. विनंती करणाऱ्याला तसा अधिकार आहे की नाही, याची तपासणी नीट होत नसल्याने कोणीही ड्रायव्हर म्हणून स्वतःची घातक फाइल पुढे करावी आणि स्पूलरने ती आपल्या सर्वाधिकारांनिशी चालवावी, असे घडू शकत होते. प्रिंटनाइटमेअर या नावाने ही त्रुटी २०२१ च्या जून-जुलैमध्ये गाजली. मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये तातडीची दुरुस्ती दिली, इतकी तातडीची की जानेवारी २०२० मध्येच मुदत संपलेल्या विंडोज ७ लाही ती मिळाली. पुढे ऑगस्टपासून ड्रायव्हर बसवण्यास ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागू लागली. आपल्याला सहा वेळा पासवर्ड घालावा लागला तो यामुळेच.

लिनक्सवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तेथील सुडो या, साध्या वापरकर्त्याला नेमून दिलेली कामे सर्वाधिकाराने करू देणाऱ्या, आज्ञेत जुलै २०११ मध्ये शिरलेली चूक जानेवारी २०२१ मध्ये उजेडात आली. आज्ञेच्या शेवटी एकच उलटी तिरकी रेघ आली की, त्या रेघेपुढे आणखी एखादे अक्षर असणारच असे गृहीत धरून प्रोग्राम मजकुराची हद्द ओलांडून वाचत जाई आणि नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहीत सुटे. त्यातून कोणताही साधा वापरकर्ता रूट, म्हणजे लिनक्समधील सर्वाधिकारी, होऊ शकत होता.

तरीही साधे खाते व्यर्थ ठरत नाही. कर्मचाऱ्याने ईमेलमधून आलेले खोटे चलान उघडले, तर त्यातील प्रोग्रामला त्या कर्मचाऱ्याइतकेच अधिकार मिळतात. खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असेल, तर घाईघाईत ‘होय’वर केलेली एक क्लिक पुरते. साध्या खात्यावर हल्लेखोराला एकतर पासवर्ड हवा, नाहीतर आपण अजून न बुजवलेली त्रुटी हवी. म्हणून साधे खाते आणि वेळच्या वेळी अपडेट ही जोडी तोडू नये. ‘केवळ स्थानिक वापरकर्त्याकडून (म्हणजे त्या संगणकावर आधीच काम करू शकणाऱ्याकडून) धोका’ असे त्रुटीचे वर्णन वाचून अपडेट पुढे ढकलणारे अनेक जण मी पाहिले आहेत. पण आत शिरलेला हल्लेखोर स्थानिकच झालेला असतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आपले संगणक विंडोज १० वर असतील, तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला असून वाढीव मुदतीसाठी नोंदणी केलेल्या संगणकांनाच सुरक्षा अपडेट मिळतात, हे आधी तपासा. ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते स्वतंत्र ठेवा आणि रोजच्या कामासाठी स्वतःही साधेच खाते वापरा. ज्या संगणकावरून कधीच छपाई होत नाही, तेथे स्पूलर बंद करून घ्या. पुढचा प्रिंटर येईल तेव्हा पासवर्ड पुन्हा आपणच जाऊन घाला. तो चिठ्ठीवर लिहून कोणाच्या हाती देऊ नका.