बुधवार रात्रीच्या आत

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

'स्वयं' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटींनी चालवलेल्या उपक्रमाच्या, बारा आठवड्यांच्या कोर्सला नाव घातलंस, चांगलं केलंस. पण नाव घातलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला, असं नव्हे. प्रवेश फुकट असतो. परीक्षेचा अर्ज नंतर वेगळा निघतो, त्याचं शुल्क भरावं लागतं आणि त्याची मुदत कोर्स चालू असतानाच संपते. सगळ्या असाइनमेंट वेळेत करणारी मुलंही इथे चुकतात, कारण सूचना ईमेलवर येते आणि ईमेल कुणी उघडत नाही. तू रोज उघड.

क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, हवे असतील तर आजच विभागप्रमुखांना भेट. बारा आठवड्यांच्या कोर्सला साधारण 3 क्रेडिट असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं'वरून करायला मुभा दिली आहे, पण नेमका हा कोर्स तुझ्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, हे कॉलेज ठरवतं. ते लेखी घे. तोंडी 'हो'वर चार महिने घालवू नकोस.

आता गुणांचा हिशेब. 25 गुण असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं: 25 पैकी किमान 10, 75 पैकी किमान 30. असाइनमेंटचे पैकीच्या पैकी 25 मिळाले आणि परीक्षेत 29 पडले, तर बेरीज 54 होऊनही प्रमाणपत्र हाती येत नाही. उलट 20 आणि 40 मिळाले तर 60 होतात आणि प्रमाणपत्रावर 'एलिट' हा वरच्या श्रेणीचा शेरा लागतो. टेलिग्रामवर फिरणारी उत्तरं टिपून असाइनमेंट भरण्यातला धोका हाच आहे. त्याने 25ची बाजू भरते, पण परीक्षा केंद्रात मोबाइल नसतो आणि तिथे 75 पणाला लागलेले असतात.

बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, म्हणजे चार सुटल्या तरी चालतं. या चार सुट्या पहिल्या महिन्यात उडवू नकोस. जुलैच्या सत्रात मध्येच गणपती येतात, कॉलेजच्या चाचण्या येतात, एखादा आठवडा तापातही जातो. त्यासाठी त्या राखून ठेव.

असाइनमेंटची मुदत बहुतेक बुधवारी रात्री 11:59ला संपते. तुझ्या कोर्सची तारीख त्याच्या पानावर बघून वहीत लिही. बुधवारी रात्री दहाला बसणाऱ्याला नेट दगा देतं आणि उशिरा आलेलं उत्तर घेतलं जात नाही. म्हणून गुरुवार ते शनिवार रोज तासभर व्हिडिओ बघ. तेही दर दहा मिनिटांनी थांबवून, वही न बघता दोन ओळी लिहीत. दीडपट वेगाने सलग बघितलं की सगळं समजल्यासारखं वाटतं, पण गणित सोडवायला घेतलं की पहिल्याच पायरीला हात थांबतो. रविवारी असाइनमेंट सोडवून लगेच सबमिट कर. मुदतीपर्यंत ती बदलता येते आणि शेवटची सबमिट केलेली प्रत धरतात, त्यामुळे अडलेले प्रश्न मंगळवारी पुन्हा बघता येतात.

मुदत संपली की बरोबर उत्तरं दिसतात. बहुतेक जण फक्त गुण बघून पान बंद करतात. तू चुकलेला प्रत्येक प्रश्न वेगळ्या वहीत उतरव आणि चूक कुठे झाली ते एका ओळीत लिही: सूत्र चुकलं, एकक चुकलं, की प्रश्नातला 'नाही' वाचायचा राहिला? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बारा आठवड्यांचे व्हिडिओ परत बघणं होत नाही, पण ही वही दोन संध्याकाळी वाचून होते.

घरी नेट कमी असेल तर व्हिडिओ कॉलेजात उतरवून घे. व्याख्यानांचा लिखित मजकूरही मिळतो, काही कोर्सेसचा मराठीत.

परीक्षेच्या फॉर्मवर नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून लिही, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. पेपर तीन तासांचा आणि केंद्रावर जाऊन द्यायचा असतो, तेव्हा शहर निवडताना सकाळच्या एसटीची वेळ बघ.

पहिली असाइनमेंट सबमिट झाली की तिच्यातले चुकलेले प्रश्न मला लिहून पाठव.

तुझा,
शिक्षक