फोडणीत फुटतं काय?

प्रश्न : ‘फोडणी’ हा शब्द कुठून आला? भाजीच्या ‘फोडी’शी त्याचं काही नातं आहे का?

उत्तर : आहे, सख्खं आहे. दोन्हींच्या मुळाशी ‘फोडणे’, आणि त्यामागे संस्कृत ‘स्फुट्’ धातू, म्हणजे फुटणे. फोडणीत फुटते ती मोहरी : तापल्या तेलात दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि टरफल तडकतं. तेव्हा मोहरी तडतडलीच नाही, तर ती फोडणी नावापुरतीच. शिवाय कच्चे दाणे दाताखाली कडवट लागतात. 2 चमचे तेलाला अर्धा चमचा मोहरी पुरे. आधी एकच दाणा टाकून पाहा, लगेच फुटला तर बाकीची घाला. तडतड ओसरली की आच बंद करून हिंग, शेवटी हळद. ती आधी पडली तर करपते.