साभार पोच, पण परीक्षण कधी?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. एका मासिकात नव्या पुस्तकांवर लिहितो. गेल्या वर्षी आईच्या आजारपणात लिहिणं थांबलं, ते थांबलंच. आई आता बरी आहे, पण टेबलावर २३ पुस्तकं साचलीत. पंधरा वाचून झालीत, पण धड काही आठवत नाही. लेखकांचे फोन येतात, ते मी उचलत नाही. सगळी पुन्हा वाचू, की संपादकांना सरळ नाही म्हणून कळवू?

उत्तर : तुम्हाला निदान फोन तरी टाळता येतो. माझ्या वेळी लेखक थेट दारात उभे राहायचे. असेच एक कवी आले. त्यांचा संग्रह माझ्याकडे दोन वर्षं पडून होता. ‘वाचलाय हो, लिहायचंच राहिलंय,’ असं मी चहा गाळता गाळता ठोकून दिलं. त्यांनी सहज पुस्तक उघडलं. बांधणीत घातलेली लाल फीत मधल्या पानांत जशीच्या तशी दुमडलेली, तिचा ठसा दोन्ही पानांवर उमटलेला. त्यांनी पुस्तक मिटलं, चहा प्यायले, पावसापाण्याचं बोलले आणि गेले. त्या संग्रहावर मला पुढे कधीच लिहिता आलं नाही.

तेव्हा आधी ती न वाचलेली आठ बाजूला काढा. त्यांतली जी तुमच्याच्यानं वाचून होणार नाहीत (असतातच तशी) ती संपादकांना परत करा. मासिकात आलेल्या पुस्तकांच्या ‘साभार पोच’ यादीत नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत एवढं छापून आलं, तरी पुस्तकाची नोंद होते. तुमच्या टेबलावर ते निव्वळ धूळ खातंय.

वाचलेली पंधरा मात्र पुन्हा वाचायला घेऊ नका. पुस्तक मिटलेलं ठेवा आणि आठवेल ते पाठकोऱ्या कागदावर लिहा. एखादा प्रसंग, एखादं चिडवणारं वाक्य, काहीही. वर्षभरानंतर जे उरलंय त्यावरच लिहायचं असतं. गोष्ट सांगायला मलपृष्ठ आहे. मग पुस्तक उघडून तुमच्या पेन्सिलीच्या खुणा शोधा, त्यांच्या मागचीपुढची पानं वाचा, सुरुवात-शेवट चाळा. पात्रांची नावं आणि अवतरणं तेवढी पुस्तकातूनच पडताळा, तिथे आठवणीवर विसंबलात तर फजिती ठरलेली. कवितेला हा उपाय चालत नाही. संग्रह पुन्हाच वाचायचा, आणि ऐंशी पानांना एक संध्याकाळ पुरते.

एखाद्या पुस्तकातलं काहीच आठवलं नाही, तर ते पुस्तक सुमार असं लगेच ठरवू नका. दवाखान्यातल्या बाकड्यावर वाचलेलं असेल ते. दोन प्रकरणं परत वाचा, मग बोला.

क्रम? पहिलंवहिलं पुस्तक असलेले लेखक आधी. नावाजलेल्यांवर दहाजण लिहितात, ते थांबतील. शिवाय वाचनालयांची खरेदी मार्चच्या आत उरकते हे तुम्हाला मी काय सांगायचं? फेब्रुवारीच्या अंकात आलेला परिचय पुस्तकाच्या कामी येतो, मेमधला फक्त कात्रणवहीच्या. आठवड्याला दोन परिचय लिहा, तीनशे-तीनशे शब्दांचे. पाच कादंबऱ्यांची एका लेखात खिचडी करू नका. मी एकदा केली होती, पाचही लेखक रुसले. आणि ‘लिहायला उशीर झाला’ अशी सुरुवात नको. वाचकाला त्याचं काय?

राहता राहिला फोन. आज संध्याकाळी एक तरी उचला. न वाचलेलं वाचलंय म्हणू नका, काय झालं होतं ते सरळ सांगा. बघा, बहुतेक जण पुस्तकाआधी आईची तब्येत विचारतील.