वाचकांचे प्रश्न : चिखलावर न रुतणारी हॉवरक्राफ्ट

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीत ओहोटीला बोट अडते आणि खाली उतरावं तर पाय गुडघ्याच्या वर रुततो. हॉवरक्राफ्ट अशा चिखलावरून कशी जाते? मग मुंबईला जायला तीच का नको?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : रुतणं वजनावर नाही, दाबावर ठरतं. ७० किलोच्या माणसाचा भार दोन तळव्यांवर, म्हणजे साधारण ४०० चौरस सेंटिमीटरवर येतो. चौरस मीटरला १,७५० किलो झाले. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद हॉवरक्राफ्टचं माणसांसकट ३०० किलो वजन ६ चौरस मीटरवर पसरतं. चौरस मीटरला फक्त ५० किलो! पंखा हवा खाली ढकलतो, त्या हवेच्या गादीवर हॉवरक्राफ्ट तरंगते आणि तळाभोवतीचा रबर चढवलेल्या नायलॉनचा पडदा, म्हणजे स्कर्ट, ती हवा अडवतो.

अडवतो, पण पुरती नाही. स्कर्टच्या खालच्या कडेतून हवा सतत निसटते आणि त्या पातळ फटीमुळेच घर्षण जवळजवळ उरत नाही. फट दुप्पट झाली की तोच दाब टिकवायला हवाही दुप्पट लागते, इंधनही त्याच मापात. खाडीतल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा स्कर्ट कापतात. म्हणून खालची कड सुट्या तुकड्यांची करतात: एक फाटला तर शेजारचे फुगून जागा बरीचशी भरतात आणि तेवढाच तुकडा बदलता येतो.

पाण्यावर सुटताना खरी कसोटी लागते. हवेच्या दाबाने खालचं पाणी दबतं, आपल्या उदाहरणात सुमारे ५ सेंटिमीटर. त्या खळग्यातून स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढून बाहेर पडावं लागतं. एवढ्या लहान हॉवरक्राफ्टला ही चढण ताशी दहा-बारा किलोमीटरच्या आसपास येते. एखादा माणूस जास्त बसला की इथेच अडतं. इंजिन पूर्ण जोरात, तुषार चहूकडे, पण वेग वाढत नाही. माणूस उतरवावा, नाहीतर किनाऱ्यावरच वेग घेऊन पाण्यात जावं. पुढे वळताना सुकाणू आधीच फिरवावं लागतं, कारण पाण्यात धरून ठेवणारं काही नसल्याने ती बाजूला घसरत जाते. ब्रेकही नसतो.

आता मुंबईच्या फेरीचं. इंग्लंडमध्ये साउथसी ते राइड ही हॉवरक्राफ्टची प्रवासी सेवा १९६५ पासून चालू आहे. राइडला ओहोटीत वाळू दूरवर उघडी पडते, बोटींसाठी सुमारे ६८० मीटर लांब धक्का बांधावा लागला. हॉवरक्राफ्ट थेट किनाऱ्यावर चढते. तिथे ती परवडते. बेलापूर, नेरुळला जेट्टी आहेत आणि बोटीला नुसतं तरंगायला इंधन लागत नाही. शिवाय ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पंख्यांच्या आवाजाने फ्लेमिंगो उठतील, त्यामुळे रोजच्या फेऱ्या इथे नकोतच. चिखलात अडकलेल्यांच्या सुटकेसाठी मात्र हिच्यासारखं साधन नाही. भारतीय तटरक्षक दल ती बाळगतं ते उथळ पाण्यातली गस्त आणि बचाव यांसाठीच.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी माणूस बसेल असं मॉडेल करायचं आहे. काय लागेल?
— नववीतली विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : १२ मिलिमीटर प्लायवूडची १.२ मीटर व्यासाची चकती, जाड ताडपत्री आणि पाला उडवायचा ब्लोअर. ताडपत्री खालून थोडी सैल ठेवून कड वर वळव आणि स्टेपल व टेपने पक्की कर. मधोमध १५ सेंटिमीटरची प्लायची चकती ताडपत्रीसकट बोल्टने आवळ. या चकतीभोवती ताडपत्रीला ५ सेंटिमीटरची सहा भोकं पाड. ती कडेजवळ नकोत. वरच्या प्लायला ब्लोअरच्या नळीएवढं भोक, सांधा टेपने बंद.

बसणारी ठीक मध्यावर हवी. जरा सरकली की एक बाजू टेकते. बोल्टची टोकं खाली डोकावली तर फरशीवर ओरखडे पडतात. मैदानावर किंवा खडबडीत पेव्हर ब्लॉकवर हवा फटींतून निघून जाते, म्हणून शाळेचा गुळगुळीत हॉल माग. ब्लोअर विजेचा असेल तर वायर सरांनी हातात उचलून धरावी.