एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) तिसऱ्या लाइनच्या, म्हणजे दुय्यम फळीतल्या, खेळाडूसाठी पहिल्या फेरीचं पिक देणं म्हणजे वेडेपणा नाही का?

तुमचा मुद्दा थोडक्यात असा : दरवर्षी ट्रेड डेडलाइन, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख, जवळ आली की स्टॅनली कपाच्या शर्यतीतले संघ हंगामात आठ-दहा गोल मारणाऱ्या खेळाडूंसाठी ड्राफ्टचं (नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीचं) पहिल्या फेरीचं पिक, म्हणजे निवडीचा हक्क, देऊन मोकळे होतात. स्टार मिळत असेल तर समजू शकतं, पण यांच्यासाठी?

माझ्या मते वेडेपणा नाही, पण दोन अटी आहेत. त्या माणसासाठी संघात नेमकं काम आधीच ठरलेलं हवं आणि त्याचा पगार कमी हवा. यातली एक जरी अट सुटली, तरी सौदा बहुधा अंगाशी येतो.

आधी हिशेब बघा. सामन्याला वीस जण उतरतात : बारा फॉरवर्ड म्हणजे तिघातिघांच्या चार लाइन, सहा डिफेन्समन आणि दोन गोली. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, जेमतेम पाऊण मिनिटाची, कारण त्या वेगाने त्यापेक्षा जास्त वेळ कुणी स्केटिंग करूच शकत नाही. साठ मिनिटांत पहिली लाइन वीसेक मिनिटं खेळते. उरलेली चाळीस कुणीतरी खेळायचीच असतात, आणि त्यात पेनल्टी किलसारखी (शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असताना बचाव करायची), शॉट अंगावर घ्यायची कामंही येतात. प्लेऑफमध्ये चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे, म्हणजे कपासाठी सोळा विजय. दोन महिने साधारण दिवसाआड सामना. स्टारवर जास्त भार टाकला तर मे महिन्यात त्यांचे पाय बोलायला लागतात.

टॅम्पा बे लायटनिंगचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. २०१८-१९ च्या हंगामात त्यांनी ६२ सामने जिंकले, १२८ गुण मिळवले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० असा मार खाल्ला. गोल मारणाऱ्यांची कमी नव्हतीच. कमी होती ती समोरच्याच्या चांगल्या लाइनला बोर्डाला (मैदानाच्या कडेच्या भिंतीला) चिकटवून ठेवणाऱ्या, पक (हॉकीची रबरी चकती) सोडवून आणणाऱ्या माणसांची. जनरल मॅनेजर ज्युलियन ब्रिसबॉ यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये आठवड्याभरात दोन सौदे केले. न्यू जर्सीहून ब्लेक कोलमन आणला. बदल्यात व्हँकूव्हरकडून आलेलं पहिल्या फेरीचं पिक आणि नोलन फूट हा होतकरू खेळाडू दिला. डेडलाइनच्या दिवशी सॅन होजेहून बार्कली गुड्रो आणला. त्यासाठी स्वतःचं पहिल्या फेरीचं पिक आणि अँथनी ग्रेको दिला, सोबत तिसऱ्या फेरीचं एक पिक परत घेतलं. कोलमनचे तेव्हा २१ गोल तरी होते. गुड्रोसाठी पहिली फेरी म्हटल्यावर मात्र भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या.

आता पगाराची बाजू. त्या वर्षी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, ८ कोटी १५ लाख डॉलर होती. टॅम्पाच्या स्टारपैकी एकट्या कुचेरोव्हचे त्यात ९५ लाख, स्टॅमकॉसचे ८५. आयपीएलची पर्स माहीत असेल तर हेही कळेल, फरक इतकाच की इथे तो हिशेब हंगामभर रोज जुळवावा लागतो. कोलमनचा कॅपवरचा बोजा १८ लाख, गुड्रोचा सव्वानऊ लाख. शिवाय दोघांचेही करार पुढच्या हंगामापर्यंत होते. थोडक्यात, ब्रिसबॉंनी दोन नावं नाही, तर सव्वासत्तावीस लाखांत दोन प्लेऑफची मेहनत विकत घेतली. न्यू जर्सी आणि सॅन होजेला एवढी किंमत मिळाली ती याच स्वस्त कराराची. तोच खेळाडू पन्नास लाखांवर असता तर टॅम्पाला तो फुकटातही परवडला नसता.

आणि पिकचं म्हणाल, तर पहिली फेरी म्हणजे सरसकट सोनं नव्हे. लायटनिंग कप जिंकल्यामुळे त्यांचं स्वतःचं पिक घसरून ३१ व्या क्रमांकावर, फेरीच्या अगदी शेपटाला गेलं. तिथे निवडलेला अठरा वर्षांचा मुलगा एनएचएलमध्ये टिकलाच तरी त्याला वर्षं लागतात. पहिल्या तीन क्रमांकांचं पिक आणि हे पिक यांना एकाच नावाने हाक मारतात, म्हणून सौदा कानाला महाग वाटतो.

मोबदला काय मिळाला? दोघांच्या मध्ये यानी गूर्ड हा सेंटर (लाइनमधला मधला फॉरवर्ड) बसला, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. ११ ऑगस्ट २०२० ला पुन्हा कोलंबसच समोर होतं आणि सामना पाचव्या ओव्हरटाइममध्ये गेला. १५० मिनिटं २७ सेकंदांनी ब्रेडन पॉइंटने गोल मारला. असा सामना दोन लाइनवर काढून दाखवा म्हणावं! त्या अख्ख्या प्लेऑफमध्ये कर्णधार स्टॅमकॉस दुखापतीमुळे फक्त २ मिनिटं ४७ सेकंद बर्फावर होता, तरी कप आला. डॅलसविरुद्धचा शेवटचा सामना २-० असा सुटला, त्यातला दुसरा गोल कोलमनचा.

पुढच्या वर्षी तर कहरच. आयलंडर्सविरुद्ध उपांत्य फेरीचा सातवा सामना १-० ने जिंकला; एकमेव गोल गूर्डचा, तोही संघ एका माणसाने कमी असताना. माँट्रियलविरुद्ध अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यातला एक क्षण मला अजून पाठ आहे. दुसरा पिरियड संपत आलाय, १-१ अशी बरोबरी, गुड्रो पक रेटत आणतो आणि मधे सरकवतो, कोलमन माँट्रियलच्या खेळाडूला ओलांडून अक्षरशः आडवा झेपावतो आणि एका हाताने स्टिक लावून पक आत ढकलतो. घड्याळात १.१ सेकंद शिल्लक. फेब्रुवारी २०२० मधल्या दोन्ही सौद्यांची वसुली त्या एका गोलात दिसते.

याच हंगामात पगाराची आणखी एक खेळी झाली. डिफेन्समन डेव्हिड सव्हार्डचा पगार ४२.५ लाख, टॅम्पाकडे तेवढी जागा नाही. नियमाप्रमाणे विकणारा संघ निम्मा पगार स्वतःकडे ठेवू शकतो. कोलंबसने निम्मा ठेवला, मधे डेट्रॉईटला घातलं, त्यांनी उरलेल्यातला निम्मा उचलला आणि चौथ्या फेरीचं पिक दलाली म्हणून घेतलं. टॅम्पाला सव्हार्ड पडला पाव किमतीत. कोलंबसला पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची पिक मिळाली. शेवटच्या सामन्यात रॉस कोल्टनने मारलेल्या एकमेव गोलाला पास याच सव्हार्डचा होता. (आता नियम बदललाय. एकाच कराराचा पगार दुसऱ्यांदा वाटून घ्यायचा तर मधे ७५ दिवस थांबावं लागतं, त्यामुळे ही दलाली जवळपास बंदच.)

आता फसलेली बाजू. सव्हार्डच्या सौद्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच कोलंबसकडून टोरांटोने पहिल्या फेरीचं पिक देऊन निक फोलिन्योला आणलं. चांगला, कष्टाळू खेळाडू, पण पाठीने दगा दिला. प्लेऑफमध्ये चारच सामने खेळला, गोल एकही नाही, आणि संघ ३-१ ची आघाडी घालवून माँट्रियलकडून हरला. मी टोरांटोजवळ राहतो. इथे कुणी ते विसरलेलं नाही, चहाला जमलं तरी निघतंच. पण या सौद्याला मी नशीब म्हणेन.

टॅनर जनो या फॉरवर्डचा सौदा मात्र मला मुळातच पटला नव्हता, आणि तो केला खुद्द ब्रिसबॉंनी. २०२३ मध्ये नॅशव्हिलला पहिल्यापासून पाचव्या फेरीपर्यंत प्रत्येकी एक अशी पाच पिक आणि वर कॅल फूट हा खेळाडू दिला. जनोने पहिल्या पूर्ण हंगामात २४ गोल मारले होते, पण सौद्याच्या वेळी त्या हंगामात त्याचे पाच झाले होते. किंमत लावली २४ ची, माल मिळाला पाचाचा. गूर्डसारखा सेंटरही आता शेजारी नव्हता. सव्वा वर्षात जनोला लॉस एंजेलिसला धाडून दिलं, दोन पिकांवर.

गूर्ड नव्हता, कारण २०२१ च्या उन्हाळ्यातच कोलमन-गूर्ड-गुड्रो ही लाइन फुटली होती. कोलमन कॅल्गरीला गेला, वर्षाला ४९ लाखांवर. गुड्रो न्यूयॉर्क रेंजर्सकडे. गूर्डला सिॲटलने विस्तार-ड्राफ्टमध्ये (नवा संघ जुन्या संघांतून खेळाडू निवडतो त्यात) उचललं. दोन कप जिंकून दिलेल्या स्वस्त खेळाडूचा पुढचा करार स्वस्त नसतो, म्हणून ही खरेदी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने करावी लागते. मार्च २०२५ मध्ये टॅम्पाने सिॲटलला पहिल्या फेरीची दोन पिक दिली आणि ऑलिव्हर ब्यॉर्कस्ट्रँडसोबत जो दुसरा खेळाडू आणला, तो यानी गूर्डच होता.