आधी प्रोटॉनचं बघा, मग प्रभाराचं

या महिन्याच्या टपालात चार पत्रं अशी आली की वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीचं, एक मधुमेह असलेल्या काकांचं, एक लेकीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या वडिलांचं आणि एक प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचं. पण चौघांच्याही प्रश्नाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: अमिनो आम्लावर, म्हणजे प्रथिनांच्या साखळीतल्या एकेका कडीवर, विद्युतप्रभार किती, हे एकटं अमिनो आम्ल ठरवत नाही, भोवतालच्या द्रावणाचा पीएचही (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं द्रावण आम्ल) ठरवतो. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकावर टाकली आहेत.

प्रश्न: मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीएच ७ ला ग्लायसिनवर निव्वळ प्रभार किती, या प्रश्नाचं उत्तर 'शून्य' असं पाठ केलं आहे, पण ते का, हे समजत नाही. आणि गाइडमध्ये त्याच पीएचला हिस्टिडिनच्या बाजूच्या साखळीवर '+०.०९' प्रभार लिहिलाय. प्रभार असा अपूर्णांकात कसा असेल? – एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर: तू 'का' विचारलंस याचा मला मनापासून आनंद झाला. या धड्यात पाठांतर केलं तर परीक्षेत पहिल्याच वळणावर दगा बसतो.

पीकेए म्हणजे असा पीएच, जिथे रेणूतल्या एखाद्या अणुगटाकडे पाहिलं तर निम्म्या रेणूंकडे प्रोटॉन (हायड्रोजनचा एक धनप्रभार असलेला कण) आहे आणि निम्म्यांनी तो सोडलेला आहे. पीएच त्याच्या वर गेला की प्रोटॉन सोडलेल्यांची संख्या वाढते, खाली आला की धरून ठेवलेल्यांची. एकाचा फरक असेल तर प्रमाण १० ला १, दोनचा असेल तर १०० ला १, तीनचा असेल तर १००० ला १. हेंडरसन-हॅसलबाल्ख समीकरण एवढंच सांगतं. हेंडरसन यांनी १९०८ मध्ये मूळ संबंध मांडला, दुसऱ्याच वर्षी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी पीएचची मोजपट्टी दिली आणि १९१६ मध्ये हॅसलबाल्ख यांनी या दोहोंची सांगड घालून समीकरण लॉगरिथममध्ये लिहिलं.

आता ग्लायसिन घे. त्याला दोनच गट आहेत: कार्बोक्झिल, पीकेए २.३४; आणि अमिनो, पीकेए ९.६०. पीएच ७ हा कार्बोक्झिलच्या पीकेएच्या ४.६६ ने वर आहे. म्हणजे प्रोटॉन धरून बसलेल्या एका रेणूमागे सुमारे ४६ हजार रेणूंनी तो सोडलाय. हा गट प्रत्यक्षात पूर्ण ऋण. अमिनो गटाचा पीकेए मात्र ७ च्या २.६० ने वर आहे, म्हणून तिथे प्रोटॉन नसलेल्या एका रेणूमागे जवळपास ४०० रेणूंकडे प्रोटॉन आहे. हा गट जवळजवळ पूर्ण धन. उणे एक आणि अधिक एक, बेरीज शून्य. काटेकोर हिशेब केलास तर उत्तर उणे ०.००२५ येतं. शून्य अगदी बरोबर येतं ते दोन्ही पीकेएंच्या मध्यावर, ५.९७ ला. त्याला समविद्युत बिंदू म्हणतात.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर मी थोडं थांबणार आहे. 'पीएच पीकेएच्या वर गेला की गट ऋण होतो' असं मुलं लिहून येतात. कार्बोक्झिलच्या बाबतीत ते खरं आहे, अमिनोच्या बाबतीत साफ खोटं. प्रोटॉन गेला की एक धनप्रभार कमी होतो, बस. कार्बोक्झिल आधी शून्यावर होता, तो उणे एकवर जातो. अमिनो आधी अधिक एकवर होता, तो शून्यावर येतो. पीएच १२ ला ग्लायसिनचा अमिनो गट ऋण नसतो, त्याच्यावर प्रभारच नसतो. म्हणून उत्तर लिहिताना कच्च्या कागदावर दोन रकाने कर: या गटाकडे प्रोटॉन असताना प्रभार किती, नसताना किती. मगच पीएचकडे बघ.

लायसिन आणि ग्लुटामिक आम्लाला तीन-तीन गट आहेत. तिथे समविद्युत बिंदू काढताना तिन्ही पीकेएंची सरासरी काढायची नाही. ज्या रूपावर निव्वळ प्रभार शून्य आहे, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, असे दोनच घ्यायचे. लायसिनसाठी ८.९५ आणि १०.५३, उत्तर ९.७४. ग्लुटामिक आम्लासाठी २.१९ आणि ४.२५, उत्तर ३.२२.

आता अपूर्णांकाचं. हिस्टिडिनच्या बाजूच्या साखळीचा (प्रत्येक अमिनो आम्लाला वेगळेपण देणाऱ्या अणुगटाचा) पीकेए सुमारे ६. पीएच ७ ला प्रमाण १० ला १, म्हणजे अकरातल्या एका रेणूकडे प्रोटॉन आहे आणि दहांकडे नाही. एक भागिले अकरा, ०.०९. कोणत्याही एका रेणूवर कोणत्याही क्षणी प्रभार एक तरी असतो नाहीतर शून्य. पण प्रोटॉनची देवाणघेवाण अतिशय वेगाने चालू असते आणि आपण मोजतो ती अब्जावधी रेणूंची सरासरी. तो अपूर्णांक सरासरीचा आहे.

आणखी एक गोष्ट, जी गाइडमध्ये बहुधा नसेल. ॲसेटिक आम्लाच्या कार्बोक्झिलचा पीकेए ४.७६ आहे आणि ग्लायसिनच्या कार्बोक्झिलचा २.३४. गट तोच, मग एवढी तफावत का? कारण ग्लायसिनमध्ये शेजारीच धनप्रभारित अमिनो गट आहे, आणि त्याच्यामुळे कार्बोक्झिलला प्रोटॉन सोडणं सोपं जातं. म्हणजे पीकेएसुद्धा शेजाऱ्यावर अवलंबून असतो. प्रथिनात गेल्यावर शेजारी बदलतात, तसा पीकेएही सरकतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला, १४६ व्या जागी, हिस्टिडिन आहे. ऑक्सिजन सुटला की ते त्याच साखळीतल्या ९४ व्या ॲस्पार्टेटजवळ येतं, त्या ऋणप्रभारामुळे त्याचा पीकेए वाढतो आणि ते रक्तातला प्रोटॉन उचलतं. स्नायूंजवळ, जिथे आम्लता वाढलेली असते, तिथे ऑक्सिजन जास्त सुटतो त्यामागे हेही एक कारण आहे. हा परिणाम १९०४ मध्ये बोर यांच्यासोबत दाखवणाऱ्यांत तुझ्या समीकरणातले हॅसलबाल्खही होते.

प्रश्न: मला रात्री ग्लार्जिन इन्सुलिन आणि जेवणाआधी साधं इन्सुलिन घ्यावं लागतं. दोन्ही औषधं पाण्यासारखी स्वच्छ दिसतात. मग एकाच सिरिंजमध्ये भरून एकदाच का टोचू नये? – एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर: काका, टोचून घेण्याचा कंटाळा येतो हे मी समजू शकते, पण हे कृपया करू नका. दिसायला दोन्ही स्वच्छ असली तरी दोन्ही द्रावणांचे पीएच फार वेगळे आहेत.

शरीरातल्या इन्सुलिनचा समविद्युत बिंदू ५.४ च्या आसपास असतो. साधं इन्सुलिन ७ च्या वरच्या पीएचला ठेवतात. तिथे त्याच्यावर निव्वळ ऋणप्रभार असतो, रेणू एकमेकांना दूर लोटतात आणि विरघळलेले राहतात. ग्लार्जिन बनवताना इन्सुलिनच्या ए साखळीच्या शेवटी ॲस्परॅजिनच्या जागी ग्लायसिन बसवलं आणि बी साखळीच्या शेवटी दोन अर्जिनिन जोडली. अर्जिनिनच्या बाजूच्या साखळीचा पीकेए साडेबाराच्या घरात, त्यामुळे शरीराच्या पीएचला ती नेहमीच धन. या दोन जादा धनप्रभारांमुळे समविद्युत बिंदू सरकून ६.७ च्या जवळ आला. कुपीतलं द्रावण पीएच ४ चं ठेवलेलं असतं, म्हणून ते तिथे विरघळलेलं राहतं. त्वचेखाली गेलं की पीएच ७.४ मिळतो, म्हणजे समविद्युत बिंदूच्या अगदी शेजारचा. निव्वळ प्रभार जवळपास जातो, रेणू एकमेकांना चिकटून बारीक साका बनतो, आणि त्या साक्यातून इन्सुलिन सावकाश रक्तात उतरत राहतं. दिवसभर पुरण्याचं रहस्य ते.

सिरिंजमध्ये साध्या इन्सुलिनबरोबर मिसळलंत तर हा साका आतच होऊ लागतो. मग कोणतं औषध किती वेगाने रक्तात जाईल, याचा भरवसा राहत नाही. दोन सुया, दोन जागा. वेळा आणि मात्रा यांबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न: आमच्या मुलीची आश्रमशाळेत सिकलसेलची तपासणी झाली. पुढच्या रिपोर्टमध्ये 'एएस पॅटर्न' लिहून आलं. शिक्षक म्हणाले, एका अमिनो आम्लाचा फरक असतो. शेकडोंपैकी एका कणाचा फरक यंत्राला दिसतो कसा? आणि माझी मुलगी आजारी आहे का? – एक वडील, तळोदा

उत्तर: भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेते. एएस म्हणजे वाहक. तिच्याकडे नेहमीचं हिमोग्लोबिन ए आहे आणि त्याच्यासोबत एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तिचं शिक्षण, खेळ, लग्न, कशालाच यामुळे आडकाठी नाही. मात्र पुढे तिचा जोडीदारही वाहक असला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून रिपोर्ट जपून ठेवा, आणि तुमची दोघांची व बाकीच्या मुलांचीही तपासणी करून घ्या.

आता यंत्राला दिसतं कसं. प्रथिनात अमिनो आम्लं एकमेकांना जोडली गेली की त्यांचे मुख्य कार्बोक्झिल आणि अमिनो गट त्या जोडात अडकतात, त्यांच्यावर प्रभार उरत नाही. उरतात साखळीची टोकं आणि बाजूच्या साखळ्या. बीटा साखळीत सहाव्या जागी ए मध्ये ग्लुटामिक आम्ल असतं, एस मध्ये व्हॅलिन. ग्लुटामिक आम्लाच्या बाजूच्या साखळीचा पीकेए सव्वाचारच्या आसपास. तपासणीचा बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ८.६ पीएचचा असतो, म्हणून ती साखळी तिथे पूर्ण ऋण. व्हॅलिनकडे सोडायला प्रोटॉनच नाही, त्याच्या बाजूच्या साखळीवर कोणत्याही पीएचला प्रभार येत नाही. एका हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्या दोन, म्हणून दोन ऋणप्रभार कमी. पाचशेहून जास्त अमिनो आम्लांच्या रेणूत हा फरक किरकोळ वाटतो, पण विद्युतक्षेत्रात धाव ठरते ती निव्वळ प्रभारावर.

हे काम मी स्वतः अनेक वर्षं केलं आहे. सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी बफरमध्ये भिजवायची, टिपकागदावर अलगद टिपायची आणि फोडलेल्या रक्तपेशींचा द्रव बारीक रेघेसारखा टेकवायचा. वीज सुरू केली की रेघ धनाग्राकडे सरकू लागते. हिमोग्लोबिन मुळात लाल, त्यामुळे रंग देण्याआधीच डोळ्यांना दिसतं: वाहकाच्या रक्ताची एक रेघ हळूहळू दोन होते. ए पुढे जातो, एस मागे राहतो. पाँसो रंगात बुडवून सौम्य ॲसेटिक आम्लात धुतलं की दोन्ही पट्टे ठसठशीत उठतात. वाहकात सहसा ए चा पट्टा एसपेक्षा गडद असतो, आणि एसएसमध्ये ए दिसतच नाही, बाहेरून रक्त चढवलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मार्गाने सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे दाखवलं. दोन्ही हिमोग्लोबिनच्या समविद्युत बिंदूंत फरक होता फक्त ०.२ च्या आसपास. त्या दोन बिंदूंच्या मधला, ६.९ चा पीएच घेतला तेव्हा नेहमीचं हिमोग्लोबिन धनाग्राकडे निघालं आणि सिकलसेलचं ऋणाग्राकडे. माझ्या मते जीवरसायनशास्त्रातला इतका स्वच्छ पुरावा विरळा. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललंय हे व्हर्नन इंग्रॅम यांनी नंतर, १९५६-५७ मध्ये शोधलं.

प्रश्न: आमच्याकडे अजून सेल्युलोज ॲसिटेटवरच काम चालतं. कधी पट्टे पसरट येतात, आणि एसच्या जागी पट्टा असूनही विद्राव्यता चाचणी निगेटिव्ह येते. चूक कुठे असेल? – एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गोंदिया

उत्तर: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पसरट पट्ट्यांसाठी आधी टाकीतला बफर बघा. वीज वाहताना ऋणाग्रापाशी पाणी अल्कधर्मी होत जातं आणि धनाग्रापाशी आम्लधर्मी. तोच बफर पुन्हापुन्हा वापरला की दोन्ही कप्प्यांचे पीएच एकमेकांपासून लांब जातात, आणि वर सांगितलेला सगळा हिशेब बिघडतो. ताजा बफर घ्या, पीएच मीटरवर तपासा. पट्टीवर नमुना जास्त पडला तरीही पट्टा पसरतो.

दुसऱ्या गोष्टीत चूक तुमची नसावी. एसच्या जागी उभा राहणारा पण विद्राव्यता चाचणीत (एस असेल तर हिचा द्रव गढूळ होतो) निगेटिव्ह येणारा पट्टा दिसला की आपल्याकडे आधी डी-पंजाब या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची शंका घ्यायची. त्यात बीटा साखळीच्या १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन असतं. ग्लुटामिनच्या बाजूच्या साखळीवरही प्रभार नसतो, म्हणजे घट तेवढीच, दोन ऋणप्रभारांची. ८.६ ला डी आणि एस एकाच रांगेत येणारच. हिमोग्लोबिन सी आणि ई मध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन येतं. तिथे ऋण जाऊन धन येतो, प्रत्येक साखळीमागे फरक दोनचा, म्हणून ते आणखी मागे, ए२ (निरोगी रक्तातही थोडं असणारं हिमोग्लोबिन) च्या रांगेत राहतात.

डी आणि एस वेगळे करायला तोच नमुना सायट्रेट अगारवर, ६.० ते ६.२ पीएचला चालवा. तिथे प्रभाराबरोबर अगारशी होणारी जवळीकही काम करते. डी हा ए सोबत राहतो आणि एस वेगळा पडतो. ती सोय नसेल तर नमुना एचपीएलसी या यंत्रावरच्या विलगीकरण चाचणीसाठी पाठवा. विद्राव्यता चाचणी मात्र बाळं काही महिन्यांची असताना किंवा रक्तात एस फारच कमी असताना खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा तिच्या एकटीच्या जोरावर एस नाकारू नका. दुसऱ्या पद्धतीचा निकाल हाती येईपर्यंत रिपोर्टवर 'एस' न लिहिता 'एसच्या जागी पट्टा, खात्री बाकी' असं लिहा, आणि तेच घरच्यांना तोंडी समजावून सांगा.